मुलांसाठी महाभारत

महाभारताची कथा लहान वाचकांना समजेल, झेपेल आणि त्यांच्या हाती देण्यास वडीलधाऱ्यांची हरकत नसेल अशा रीतीने पुन्हा सांगणे, हा मराठीसह बहुतेक भारतीय भाषांतील बालसाहित्याचा एक स्थिर प्रकार आहे. छापील बालपुस्तके येण्यापूर्वीही या कथा मुलांच्या कानांवर पडत. श्रीधरस्वामी नाझरेकरांचा ‘पांडवप्रताप’ (१७१२) घरोघरी वाचला जाई, कीर्तनात आख्याने रंगत, आणि श्रोत्यांत मुलेही असत. केवळ त्यांच्यासाठी निराळे काही सांगावे अशी कल्पना मात्र नव्हती. ती एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात विनायक कोंडदेव ओक यांच्या ‘बालबोध’सारख्या मासिकांबरोबर रुजली, आणि १९०६ मध्ये ‘आनंद’ मासिक सुरू करणाऱ्या वासुदेव गोविंद आपटे यांनी पुराणकथांच्या बालावृत्त्या लिहून तिला पुस्तकरूप दिले. पुढे १९६७ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या ‘अमर चित्र कथा’ने याच कथा चित्रांतून सांगितल्या.

अठरा पर्वांचा ग्रंथ दोनशे पानांत बसवताना काय गाळायचे, हा पुनर्कथनकारापुढचा खरा प्रश्न असतो. पहिली कात्री लागते ती कथेच्या चौकटीला. नैमिषारण्यात ऋषींना कथा सांगणारा सौती आणि सर्पसत्रात ती जनमेजयाला सांगणारे वैशंपायन, दोघेही जातात व पुस्तक थेट शंतनू आणि गंगेपासून सुरू होते. शांतिपर्व हे सर्वांत मोठे पर्व ‘भीष्मांनी धर्मराजाला उपदेश केला’ एवढ्यावर आटोपते, आणि त्याबद्दल कोणी तक्रार करत नाही. नियोगाचे, म्हणजे पतीऐवजी दुसऱ्या पुरुषाकडून संतती मिळवण्याच्या प्रथेचे, प्रकरण अवघड. तेथे धृतराष्ट्र व पंडू ‘व्यासांच्या कृपेने’ जन्मतात.

लाक्षागृहाच्या प्रसंगी हे गाळणे अधिक महाग पडते. पांडव भुयारातून निसटतात, हा भाग मुलांना अत्यंत प्रिय असतो. परंतु त्या रात्री जेवणाला आलेली आणि मद्य पिऊन तेथेच झोपी गेलेली एक निषाद स्त्री आपल्या पाच मुलांसह त्या आगीत जळून मेली, आणि ती आग भीमाने लावली होती, हे बहुतेक बालावृत्त्या सांगत नाहीत. वास्तविक हस्तिनापुराला पांडव मेल्याची खात्री पटली ती याच सहा प्रेतांमुळे, म्हणजे हा तपशील गाळल्यावर कथेतील फसवणुकीचा सांधाच निखळतो. एकलव्याचा अंगठा मात्र कोणी वगळत नाही. फार तर त्याला गुरुभक्तीचा धडा बनवले जाते.

गाळण्याइतकीच भरही पडते. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ ते १९६६ या काळात अनेक हस्तलिखिते ताडून सिद्ध केलेल्या चिकित्सित आवृत्तीच्या मुख्य संहितेत गणपती व्यासांचा लेखनिक होत नाही, आणि ‘आंधळ्याचा मुलगा आंधळाच’ हे द्रौपदीच्या तोंडी घातलेले वाक्यही तेथे नाही. वस्त्रहरणाच्या वेळी वस्त्रे पुरवली जातात, पण द्रौपदीने केलेला कृष्णाचा धावा संपादकांनी मुख्य संहितेबाहेर ठेवला आहे. मुलांच्या पुस्तकांत मात्र हे तिन्ही प्रसंग हमखास भेटतात. यात चूक शोधण्याचे कारण नाही, कारण पुनर्कथनकार संस्कृत संहितेचा नव्हे, तर आजीकडून आणि कीर्तनकाराकडून ऐकलेल्या महाभारताचा वारस असतो; प्रस्तावनेत ‘मूळ ग्रंथाबरहुकूम’ असा दावा केलेला असेल, तर गोष्ट वेगळी.

शेवटाबाबत एकमत नाही. काही आवृत्त्या युधिष्ठिराच्या राज्याभिषेकाशी थांबतात, कारण त्यापुढचा यादवांचा आपसांतील संहार सांगणे जड जाते. ज्या पुढे जातात त्या बहुधा कुत्र्यासाठी जातात: त्याला मागे टाकून स्वर्गात यायला धर्मराज नकार देतो आणि कुत्रा साक्षात यमधर्म निघतो. त्यानंतर स्वर्गात धर्मराजाला प्रथम ऐश्वर्यात बसलेला दुर्योधन दिसतो आणि स्वतःचे भाऊ नरकात सापडतात, तिथपर्यंत फार थोडी पुस्तके पोहोचतात.