गावरहाटी : कामाचा मान आणि मानाचा दावा

शिमग्यात पालखीला पहिला खांदा कोणी द्यायचा, यावरून कोकणातल्या एखाद्या गावात जमावबंदी लागते, देवळाला कुलूप पडतं. बातमीत तो ‘मानपानाचा वाद’ असतो. गावात म्हणतात, रहाटी मोडली.

जुन्या मराठीत राहाटी म्हणजे वागण्याची रीत, व्यवहार. तळकोकणात हा अर्थ देवळाशी घट्ट बांधला गेला. गाऱ्हाणं (देवापुढे गावाचं मागणं) कोणी घालायचं, कौल (देवाचा होकार-नकार) कोणी लावायचा, दसऱ्याला तरंग (देवांचे सजवलेले खांब) कोणी धरायचे, होळीचा माड कोणी तोडायचा, ही कामांची ठरलेली वाटणी म्हणजे गावरहाटी. 

यात काम आधी आणि मान मागून, हे नीट लक्षात घ्यायला हवं. कौल लावताना गुरव देवाच्या पाषाणाला ओल्या कळ्या लावतो, मानकरी प्रश्न घालतो, मागचे ‘होय म्हाराजा’ म्हणतात आणि उजवी कळी सुटेपर्यंत सगळे डोळे तिच्यावर खिळलेले असतात. यातलं कोणी आलं नाही तर काम अडतं. ज्याच्यावाचून अडतं, त्याच्या हातात पहिला नारळ.

खोती, म्हणजे गावाचा सारा गोळा करणाऱ्या खोताची वतनदारी, १९४९ च्या कायद्याने संपली. खोताचा जमिनीवरचा अधिकार गेला, पण देवळातला पहिला मान बऱ्याच गावांत त्याच घराकडे राहिला. तो काढायचा की ठेवायचा, हे कुठल्याच कायद्याने सांगितलं नाही. दुसऱ्या टोकाला, रहाटीतली कष्टाची आणि अपमानाची कामं ज्यांच्या माथी मारली होती, त्यांच्यापैकी अनेकांनी १९५६ च्या धर्मांतरानंतर ती सोडली. त्यांच्या वाट्याच्या कामालाही गाव ‘मान’च म्हणत होतं. त्या शब्दाआड काय झाकलं जात होतं, ते त्यांनी कामं सोडली तेव्हा उघड झालं.

खरा गुंता झाला तो कोर्टात. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ९ प्रमाणे मालमत्तेच्या किंवा पदाच्या हक्काचा दावा चालतो, मग त्याचा निकाल पूर्णपणे धार्मिक विधींच्या प्रश्नावर अवलंबून असला तरी. नुसत्या मानासाठी, म्हणजे पदाशी न जोडलेल्या प्रतिष्ठेसाठी, दावा चालत नाही. पदाला मोबदला असो वा नसो, फरक पडत नाही, हे १९७६ च्या दुरुस्तीने स्पष्ट केलं. मग घराण्याचा मान कोर्टात टिकवायचा तर तो ‘पद’ आहे असं दाखवणं भाग पडलं. जे काम आजारपणात भावकीतला दुसरा कोणी निमूट करायचा, तेच आता ‘वंशपरंपरागत हक्क’ म्हणून कागदावर मांडावं लागतं. एकदा तसं लिहिलं की चुलतभावाने केलेली मदत अतिक्रमण ठरते. रहाटीचं सगळ्यात मोठं नुकसान मला इथे दिसतं.

त्यात १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली देवस्थानांच्या नोंदी झाल्या. नोंदवहीत विश्वस्तांची नावं असतात. बारा-पाचाचे, म्हणजे रहाटीतले ठरलेले, मानकरी त्यांत असतीलच असं नाही. हिशेब एकाच्या हाती आणि गाऱ्हाणं दुसऱ्याच्या तोंडी, अशी स्थिती आली. देवळाच्या पैशाचा हिशेब द्यावा लागू लागला, हे चांगलंच झालं. पण चावी कोणाकडे, या प्रश्नाला गावात दोन उत्तरं तयार झाली.

रहाटीतून काढणं ही गावकीची कडक शिक्षा. घरावर पालखी न्यायची नाही, ओटी घ्यायची नाही, वर्गणी परत करायची. २०१७ पासून लागू झालेल्या सामाजिक बहिष्कारविरोधी कायद्याने अशा प्रकाराला गुन्हा ठरवलं. तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. त्यामुळे पालखी एखाद्या अंगणात न थांबता पुढे गेली, तर तो बहिष्कार की जुनी वहिवाट, हा प्रश्न आता मांडावरून, म्हणजे गाव देवकार्यासाठी जमतं त्या जागेवरून, पोलीस ठाण्यातही जातो. तिथे वहिवाट सांगायला गावातली म्हातारी माणसंच बोलवावी लागतात.