गॅल्व्हॅनिक झीज की भटका करंट? बोटीचा धातू नेमकं कोण खातंय

बोट पाण्याबाहेर काढून तळ धुतला आणि पंख्याजवळचा अॅनोड (बाकीचा धातू वाचावा म्हणून मुद्दाम झिजायला लावलेला जस्तासारख्या धातूचा ठोकळा) जवळपास संपलेला दिसला, की बहुतेक मालक नवा, थोडा मोठा अॅनोड आणून बसवतात. पुष्कळदा तेवढ्याने भागतं. पण काही बोटींवर तो मोठा अॅनोडही काही आठवड्यांत नाहीसा होतो आणि पाठोपाठ तळाचा व्हॉल्व्ह, म्हणजे तळाच्या भोकावरचा धातूचा नळ, पोखरायला लागतो. पाण्याखालचा धातू खाणारी कारणं दोन आहेत. एक गॅल्व्हॅनिक झीज, दुसरं भटका करंट. खाल्लेला धातू वरवर सारखाच दिसतो, म्हणून दोन्हींवर एकच इलाज होतो. माझ्या मते छोट्या बोटींच्या देखभालीतली सगळ्यात महागात पडणारी चूक हीच आहे.

गॅल्व्हॅनिक झिजेला बाहेरची वीज लागत नाही. दोन वेगळे धातू एकाच पाण्यात असले आणि शाफ्ट, इंजिन किंवा वायरमधून एकमेकांना जोडलेले असले, की त्यांची आपोआप बॅटरी तयार होते. त्यात जो धातू जास्त क्रियाशील, तो झिजतो आणि दुसऱ्याला वाचवतो. समुद्राच्या पाण्यात सिल्व्हर क्लोराइडच्या संदर्भ इलेक्ट्रोडशी (ज्याचं व्होल्टेज स्थिर राहतं असा, तुलनेसाठी पाण्यात सोडायचा तुकडा) ताडून पाहिलं, तर मॅग्नेशियम सुमारे उणे 1.6 व्होल्ट दाखवतं, जस्त उणे 1.03 च्या आसपास, साधं स्टील उणे 0.6 आणि ब्राँझ उणे 0.3 च्या जवळपास. आकडा जितका जास्त उणे, तितका धातू क्रियाशील. म्हणजे ब्राँझचा पंखा स्टीलच्या तळाला खातो, आणि मध्ये जस्त ठेवलं तर जस्त दोघांच्या आधी जातं. रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्ही यांनी 1824 मध्ये ब्रिटिश नौदलाच्या जहाजांच्या तांब्याच्या पत्र्यावर हीच युक्ती वापरली. तांबं खरोखर झिजायचं थांबलं. पण झिजणारं तांबंच शेवाळ आणि शिंपल्यांना दूर ठेवत होतं. झीज थांबल्यावर तळावर रान माजलं आणि तो प्रयोग सोडून द्यावा लागला.

नदी, कालवे, तलाव अशा गोड्या पाण्यात फिरणाऱ्या बोटीचं गणित थोडं वेगळं आहे. गोड्या पाण्यातून वीज नीट वाहत नाही, शिवाय जस्तावर घट्ट थर चढतो आणि त्याचं काम बंद पडतं. असा अॅनोड वर्षानुवर्षं अख्खा दिसतो. मालकाला वाटतं सगळं छान आहे, आणि इकडे तळ झिजत असतो. म्हणून गोड्या पाण्यासाठी मॅग्नेशियम, खाडीच्या मचूळ पाण्यासाठी अॅल्युमिनियमचा मिश्रधातू आणि समुद्रासाठी जस्त किंवा अॅल्युमिनियम. मॅग्नेशियम लावलेली बोट समुद्रात नेली तर ते भराभर संपतं, आणि त्याच्या जादा जोरामुळे तळाचा रंग फुगून सुटू शकतो. गोड्या पाण्यात अॅनोडचा पल्लाही कमी पडतो. मागच्या बाजूला लावलेला एक ठोकळा पुढच्या टोकाला सांभाळत नाही, म्हणून तळावर अंतराअंतराने चार-सहा लावावे लागतात. त्यांची पाठ उघड्या धातूला घट्ट टेकलेली हवी. आणि तळ रंगवताना अॅनोडवर ब्रश फिरवू नये. रंगवलेला अॅनोड काहीच करत नाही.

भटक्या करंटची बात वेगळी. इथे वीज बोटीच्या स्वतःच्या बॅटरीतून येते. नेहमीचा गुन्हेगार म्हणजे तळातलं पाणी उपसणारा पंप. त्याची फ्लोट स्विचकडे (पाणी चढलं की पंप आपोआप चालू करणारा तरंगता स्विच) जाणारी पॉझिटिव्ह वायर बहुधा मेन स्विच ओलांडून थेट बॅटरीला जोडलेली असते, आणि तिचा जोड तळातल्या पाण्यात भिजत पडलेला असतो. त्या जोडातून करंट तळातल्या पाण्यात उतरतो, जवळच्या व्हॉल्व्हमध्ये शिरतो, व्हॉल्व्हच्या बाहेरच्या तोंडातून नदीच्या पाण्यात निघतो आणि पंखा-शाफ्टमार्गे बॅटरीच्या निगेटिव्हला परततो. करंट धातू सोडून पाण्यात जिथे उतरतो, तिथला धातू विरघळतो. गॅल्व्हॅनिक जोडीत जोर असतो काही दशांश व्होल्टचा, इथे मागे 12 व्होल्ट उभे असतात. फॅरेडेच्या नियमाने हिशेब केला तर सतत वाहणारा 1 अँपिअर करंट दिवसाला सुमारे 25 ग्रॅम लोखंड विरघळवतो, म्हणजे वर्षाला 9 किलोच्या वर. तांब्याचा आकडा दिवसाला 28 ग्रॅमचा. पितळी व्हॉल्व्हचं तोंड किती पातळ असतं हे आठवलं, की यातला धोका लक्षात येतो.

दोन्ही ओळखायचे तर कुठला धातू गेला आहे ते पाहा. गॅल्व्हॅनिक झिजेत क्रियाशील धातूच आधी जातो. आधी अॅनोड, मग स्टील किंवा अॅल्युमिनियम. ब्राँझ शाबूत राहतं. भटका करंट असा क्रम पाळत नाही. अॅनोड बरा आहे आणि शेजारचं ब्राँझ मात्र खड्डे पडून उघडं, चकचकीत झालंय, असं दिसलं तर संशय थेट वायरिंगवर घ्यावा. वेगही सांगतो. महिने-वर्षं लागली तर बहुधा गॅल्व्हॅनिक, दिवस-आठवड्यांत झालं तर बहुधा करंट. पितळ गुलाबी पडून ठिसूळ झालं असेल, तर त्यातलं जस्त निघून गेलंय. ते दोन्ही कारणांनी होतं, त्यामुळे नुसत्या रंगावरून निकाल देऊ नका. असा व्हॉल्व्ह मात्र लगेच बदला.

गळती शोधायला साधा मल्टीमीटर पुरतो. सगळी उपकरणं बंद करा, बॅटरीची पॉझिटिव्ह वायर सोडा आणि मीटर अँपिअरवर ठेवून वायर आणि टर्मिनलच्या मध्ये लावा. या वेळी इंजिन चालू करू नका, मीटर जळेल. आकडा शून्याच्या जवळ नसेल तर एकेक फ्यूज काढत जा. ज्या फ्यूजला आकडा पडतो, त्याच वायरचा माग काढा. काही गळत्या उपकरण चालू असतानाच होतात. त्यासाठी संदर्भ इलेक्ट्रोड पाण्यात सोडून तळाचं व्होल्टेज वाचत राहायचं आणि एकेक स्विच दाबत जायचं. पंप सुरू करताच काटा उडी मारत असेल, तर चोर सापडला.

धक्क्यावरची वीज जोडली, की प्रकरण आणखी गुंततं. अर्थिंगच्या वायरमधून तुमची बोट शेजारच्या बोटींना जोडली जाते आणि तुमचा अॅनोड त्यांचे तळ सांभाळत बसतो. हा गॅल्व्हॅनिक प्रकार. त्यावर अर्थिंगच्या वायरमध्ये गॅल्व्हॅनिक आयसोलेटर बसवतात. त्यातल्या डायोडच्या (ठरावीक दाबाखाली वीज अडवणारे भाग) जोड्या सुमारे 1.2 व्होल्टपर्यंतचा डीसी दाब अडवतात आणि खरा फॉल्ट करंट, म्हणजे बिघाडामुळे अर्थिंगमध्ये येणारी मोठी वीज, मात्र जाऊ देतात. अॅनोड वाचवण्यासाठी अर्थिंगची वायरच कापून टाकायचा सल्ला कुणी दिला तर अजिबात ऐकू नका. फॉल्ट झाला तर बोटीच्या धातूत आणि आजूबाजूच्या पाण्यात वीज उतरते, आणि त्यात माणूस जातो. धक्क्याची वीज आणि बोट यांच्यात तारेचा थेट जोडच न ठेवणारा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर हा आयसोलेटरहून पक्का उपाय आहे, पण जड आणि खर्चिक.

बोटीच्या स्वतःच्या 12 व्होल्टच्या गळतीवर यातलं काहीच चालत नाही. पंपाचा जोड पाण्याच्या पातळीच्या वर आणा, आतून चिकट अस्तर असलेली हीटश्रिंक (गरम केल्यावर आकसून घट्ट बसणारी) नळी चढवा, वायरिंगला बॅटरीजवळच फ्यूज द्या आणि तळ कोरडा ठेवा. अॅनोडची खरेदी त्यानंतर करा.