पेन्शन योजनेतील दस्तदुरुस्ती

पेन्शन योजनेची नियमावली किंवा ट्रस्ट डीड (विश्वस्तपत्र) तयार होताना ठरले एक आणि कागदावर उतरले भलतेच, तर दिवाणी न्यायालयाकडून तो मजकूर ठरल्याप्रमाणे करून घेणे म्हणजे दस्तदुरुस्ती. भारतात ही दाद विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियम, १९६३ च्या कलम २६ खाली मागतात. पुण्यात असा दावा सहसा शिवाजीनगरच्या न्यायालयात, दिवाणी न्यायाधीश, वरिष्ठ स्तर, यांच्यापुढे दाखल होतो.

न्यायालय फक्त कागद सुधारते. झालेला ठराव बदलण्याचा अधिकार त्याला नाही. पेन्शन मुळातच कमी ठरली आणि तशीच लिहिली गेली, तर ती कितीही अन्यायाची वाटली तरी कलम २६ उपयोगी पडत नाही. लेखी दस्तातून पक्षांचा खरा हेतू व्यक्त होत नाही आणि त्याचे कारण फसवणूक किंवा उभयपक्षी चूक हेच आहे, या दोन्ही गोष्टी सिद्ध कराव्या लागतात. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये हे पुन्हा स्पष्ट केले. कंपनीची नियमावली, म्हणजे आर्टिकल्स ऑफ असोसिएशन, या कलमातून वगळलेली आहे. सुपरअॅन्युएशन फंडाचे, म्हणजे मालकाने कामगारांच्या पेन्शनसाठी उभारलेल्या निधीचे, नियम वगळलेले नाहीत.

चूक केवढी महाग पडते ते एका काल्पनिक उदाहरणावरून पाहू. भोसरीतल्या एखाद्या कारखान्यात सेवेच्या प्रत्येक वर्षामागे शेवटच्या पगाराचा साठावा भाग पेन्शन द्यायचे ठरले. नवी नियमावली टाइप करताना साठच्या जागी ऐंशी पडले. ४८,००० रुपये पगार आणि ३० वर्षे सेवा असलेल्या कामगाराला दरमहा २४,००० मिळायला हवेत. कागदाप्रमाणे मिळतात १८,०००. सही करणाऱ्या विश्वस्तांपैकी कोणी तो आकडा वाचलेलाच नसतो.

अशा वेळी दाव्याचे भवितव्य मिनिटबुकावर ठरते. विश्वस्तांच्या सभेचे इतिवृत्त, मालकाशी झालेला पत्रव्यवहार, विमागणितज्ञाचा (पेन्शनच्या खर्चाचे गणित मांडणाऱ्या तज्ञाचा) अहवाल, मसुद्याच्या आधीच्या प्रती, कामगारांना वाटलेले माहितीपत्रक, हा सगळा पुरावा. एरवी लेखी दस्ताविरुद्ध तोंडी पुरावा चालत नाही, पण चूक दाखवण्यासाठी कायद्याने मोकळीक ठेवली आहे: पूर्वी १८७२ च्या पुरावा कायद्याच्या कलम ९२ मध्ये, आता भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ९५ मध्ये. जुने कागद रद्दीत घालणारे कार्यालय आपल्याच पेन्शनरांचा दावा बुडवते, हे ठासून सांगायला हवे.

पेन्शन योजनांबाबतचा हा कायदा सर्वाधिक घडला तो इंग्लंडमध्ये. एएमपी विरुद्ध बार्कर या २००० सालच्या खटल्यात आजारपणामुळे निवृत्त होणाऱ्यांसाठी केलेली वाढ व्याख्यांच्या गुंत्यामुळे नोकरी लवकर सोडणाऱ्या इतरांनाही लागू झाली होती. मालक आणि विश्वस्त दोघांच्याही मनात ते नव्हते, म्हणून न्यायालयाने नियम दुरुस्त केले. दुरुस्तीने पेन्शन वाढतेच असे नाही, हे या खटल्यातून दिसते.

पुण्यातल्या बहुसंख्य पेन्शनरांना मात्र हा मार्ग खुला नाही, आणि गैरसमज नेमका इथेच होतो. पीएफ कार्यालयामार्फत मिळणारी १९९५ ची कर्मचारी पेन्शन योजना, राज्य कर्मचाऱ्यांचे १९८२ चे निवृत्तिवेतन नियम, 'लोकमंगल'मध्ये मुख्यालय असलेल्या बँक ऑफ महाराष्ट्रची १९९५ ची पेन्शन विनियमावली, हे सगळे कायद्याखाली केलेले नियम आहेत, पक्षांनी आपसात केलेले दस्त नव्हेत. त्यांचा अर्थ लावून घेता येतो किंवा वैधतेला आव्हान देता येते. पीएफ पेन्शनमधल्या २०१४ च्या बदलांवर सर्वोच्च न्यायालयाचा ४ नोव्हेंबर २०२२ चा निकाल आला तो याच वाटेने. बँकांच्या २००० सालच्या स्वेच्छानिवृत्ती योजनेबाबत त्याच न्यायालयाने २००९ मध्ये संदिग्ध मजकुराचा अर्थ मसुदा करणाऱ्या बँकांच्या विरोधात लावला. दस्तदुरुस्तीची गरजही पडली नाही. पेन्शन पेमेंट ऑर्डरमधली, म्हणजे पेन्शन मंजुरीच्या आदेशातली, जन्मतारीख वा नाव चुकले असेल तर आधी तो आदेश देणाऱ्या कार्यालयात अर्ज करावा.

खासगी ट्रस्टच्या दाव्यात शेकडो सभासदांना प्रतिवादी करणे शक्य नसते. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश १, नियम ८ खाली काही सभासद न्यायालयाच्या परवानगीने सर्वांच्या वतीने उभे राहतात. ज्यांची पेन्शन घटणार आहे त्यांचा प्रतिनिधी त्यात हवाच. त्याच्याशिवाय झालेला हुकूमनामा न्याय्य म्हणता येणार नाही. दुरुस्तीची मागणी दाव्यात स्पष्टपणे केलेली असावी लागते. राहून गेली तर दाव्याच्या मजकुरात बदल करू देण्याची तरतूद आहे. मुदत ३ वर्षांची, पण चुकीवर आधारलेल्या दाव्यात ती चूक उघडकीस आल्यापासून मोजतात.

चुकून जादा दिलेल्या रकमेचा प्रश्न वेगळा. सरकारी सेवेतील निवृत्तांकडून तिची वसुली सर्वोच्च न्यायालयाने १८ डिसेंबर २०१४ च्या निकालाने बऱ्याच अंशी रोखली आहे. उच्च न्यायालयात जायची वेळ आली तर पुणेकरांना मुंबईच गाठावी लागते: ऑगस्ट २०२५ मध्ये सुरू झालेल्या कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे सातारा, सांगली, सोलापूर गेले, पुणे जिल्हा गेलेला नाही.