निळंशार पाणी म्हणजे कोमट पाणी? अजिबात नाही

स्कॉटलंडचा लुस्केंटायर किंवा नॉर्वेतल्या लोफोटेन बेटांवरचा हाउकलँड बीच, ह्यांचे फोटो वर्षानुवर्षं फिरतायत आणि खाली हमखास लिहिलेलं असतं की गल्फ स्ट्रीममुळे, म्हणजे अटलांटिक महासागरातल्या उबदार प्रवाहामुळे, इथलं पाणी कॅरिबियनसारखं उबदार आहे. साफ खोटं! त्या प्रवाहाची ऊब खरी आहे, म्हणूनच लोफोटेन ६८ अंश उत्तरेला असूनही तिथली बंदरं हिवाळ्यात गोठत नाहीत, पण भर ऑगस्टमध्येही पाणी जेमतेम १२-१४ अंशच असतं.

मग रंग कुठून येतो? वाळूतून. मूठभर वाळू हातात घेऊन नीट बघा, त्यात शिंपल्यांचा बारीक चुरा दिसेल, हा पांढरा तळ उजेड वर परत फेकतो आणि पाणी स्वच्छ नि उथळ असलं की झालं, फिरोजी रंग तयार, तापमानाचा काही संबंधच नाही.

बाकी जायचं तर बिनधास्त जा, डोंगर ओलांडून चालत गाठायचा लोफोटेनमधलाच क्वाल्विका बीच तर माझ्या मते हाउकलँडपेक्षाही भारी. फक्त धावत जाऊन धपकन उडी मारू नका, एकदम गार पाण्यात पडलं की श्वास आपोआप जोरात आत ओढला जातो आणि तेव्हा तोंड पाण्याखाली असलं तर संपलंच. वेटसूट घाला, हळूहळू उतरा.