अंडरक्विल्टच्या दोन दोऱ्या : टांगायची वेगळी, तोंडाची वेगळी

हॅमॉकखाली (दोन झाडांमध्ये टांगून झोपायच्या कापडी झोळीखाली) ऊबेसाठी बांधायची रजई, म्हणजे अंडरक्विल्ट, घरी शिवणारे वाढलेत, हे चांगलंच आहे. पण पाठीला हिव भरलं की जो तो एकच सल्ला देतो, "दोरी आवळ." अरे, पण कुठली? या प्रकाराला दोन दोऱ्या असतात. एक अंडरक्विल्ट उचलून धरते, दुसरी तिचं तोंड बंद करते. एकीचं दुखणं दुसरीवर काढलं की रात्रभर दात वाजतात, आणि मग दोष बिचाऱ्या भरावाला दिला जातो.

शिवणीचं आधी आटोपून घेऊ. ३.३ मीटरच्या हॅमॉकला २०० × ११५ सेंटीमीटर हे तयार माप पुरतं. दोन्ही कापडं हलक्या, वारा अडवणाऱ्या नायलॉनची. नेफा आणि दुमडीसाठी चारी बाजूंनी साडेतीन-चार सेंटीमीटर जास्त घ्यायचं. जमिनीकडचं कापड रुंदीला आणखी १० सेंटीमीटर जास्त ठेवून कडेला चुण्या घालून जोडलं, तर भरावाला फुगायला जागा राहते. भराव पॉलिस्टर वॅडिंगचा : तापीकाठच्या सपाटीवर २०० जीएसएमचा (चौरस मीटरला २०० ग्रॅम) एक थर, तोरणमाळला (उंची साधारण ११५० मीटर) दोन.

कापसाच्या मुलखात राहून हे सांगायला जड जातं, पण कापूस भरू नका. तो दव धरतो, जड होतो, आणि दोन रात्रींत गोळे होऊन मधोमध नुसतं कापड उरतं. धावदोरा तर अजिबात नको. गोधडीची शोभा त्या टाक्यांत असेल, पण इथे आरपार गेलेली प्रत्येक टाक्यांची रांग भराव चपटा करते आणि तिथूनच गारवा आत येतो. शिलाई फक्त कडेला घालायची. मध्ये वॅडिंग सरकू नये म्हणून ३० सेंटीमीटरवर एकेक सैल टाका बस झाला.

आता तोंडाची नाडी. डोक्याकडच्या आणि पायाकडच्या आखूड कडेच्या नेफ्यात ३ मिलिमीटर जाडीची इलास्टिक दोरी, प्रत्येकी सव्वा मीटर. एक टोक शिवून पक्कं, दुसऱ्याला कॉर्ड लॉक, म्हणजे दोरी हवी तिथे पकडून ठेवणारी खटकी. ओढली की तोंड चुणून हॅमॉकला चिकटतं. पायजम्यात नाडी घातलेल्या माणसाला यापुढे काही सांगायला नको.

खरा घोळ होतो तो टांगायच्या दोरीपाशी. तीही ३ मिलिमीटरचीच इलास्टिक, पण लांब कडांच्या नेफ्यांतून जाणारी, प्रत्येक कडेला ३ मीटर. दोन्ही दोऱ्या डोक्याकडे एका हुकात आणि पायाकडे दुसऱ्या हुकात एकत्र येतात, आणि हुक हॅमॉकच्या टांगणीला अडकतात. जास्तीची लांबी कॉर्ड लॉकने आखडायची. म्हणजे नाडीसकट एकूण साडेआठ मीटर इलास्टिक लागतं. इथे सुतळी किंवा साधी नायलॉनची दोरी बांधणाऱ्यांपुढे हात टेकलेत. माणूस आत बसला की हॅमॉक खाली जातो. इलास्टिक त्याच्याबरोबर ताणतं, सुतळी ताणत नाही. मग भराव पाठीखाली दाबला जातो, आणि दाबलेला भराव निकामी. ऊब वॅडिंगमध्ये अडकलेल्या हवेची असते. हवा निघून गेली की उरतं दोन पदरी कापड. हॅमॉकच्या आत जाड गोधडी अंथरूनही पाठ गारठते, ती याच कारणाने.

गंमत अशी, की टांगायची दोरी सैल असली काय आणि फार ताणलेली असली काय, गारवा एकाच जागी लागतो : कंबर आणि कुल्ल्यांखाली. सैल असेल तर हॅमॉक आणि अंडरक्विल्ट यांच्यात पोकळी राहते आणि तिच्यात गार हवा खेळते. ताणलेली असेल तर भराव चपटा होतो. म्हणून नुसतं "गार लागतंय" म्हणून दोरी आवळायची नाही, आधी हात घालून बघायचं. तुम्ही आत झोपा आणि सोबत्याला कडेने तळहात आत सरकवायला सांगा. हाताला वर हॅमॉक आणि खाली अंडरक्विल्ट एकदमच लागली, तरी हात न रेटता पुढे गेला, तर ताण बरोबर. हात मोकळा फिरला तर दोन्ही बाजूंनी सारखी आवळा. रेटावा लागला तर सोडा. सोबती नसेल तर खालून बोटांनी जाडी चाचपा. घरी जमिनीवर पसरलेली असताना होती तेवढीच लागली पाहिजे.

खांद्याशी किंवा पायाशी झुळूक लागत असेल, तर ते नाडीचं काम. तिथे टांगायची दोरी आवळणारा तोंड उघडंच ठेवतो आणि वर भरावही दाबून बसतो. उलट चूकही तितकीच दिसते : मधली पोकळी घालवायला नाडी करकचून ओढतात. त्याने मध्ये काही उचललं जात नाही, फक्त कडा आत ओढल्या जातात. हॅमॉकमध्ये तिरपं झोपावं लागतं, तेव्हाच पाठ सपाट राहते. कडा आत गेल्या की तिरप्या झोपेत एक खांदा अंडरक्विल्टच्या बाहेर पडतो. नाडी चुण्या पडेपर्यंतच ओढायची.

क्रम ठरलेला आहे. हॅमॉक टांगायचा, अंडरक्विल्ट अडकवायची, आत तिरपं झोपायचं, टांगायच्या दोरीचा ताण जुळवायचा, आणि सगळ्यात शेवटी नाडी. रिकाम्या हॅमॉकवर ताण जुळवण्यात अर्थ नाही. माणूस आत गेला की सगळी मापं बदलतात. तोरणमाळच्या यशवंत तलावाकाठी वाऱ्यात बांधताना अंडरक्विल्ट फडफडते म्हणून नाडी आधी ओढायचा मोह होतो. तो आवरा, हॅमॉकवर बांधलेली ताडपत्री वाऱ्याच्या बाजूला खाली घ्या.

आणि गेल्या हिवाळ्यात नीट बसलेली अंडरक्विल्ट यंदा लोंबत असेल, तर शिवण उसवत बसू नका. जळगाव-भुसावळच्या उन्हाळ्यात पत्र्याखाली माळ्यावर पडलेल्या इलास्टिकचा जीव जातो. दोरी ओढून सोडल्यावर मूळ लांबीवर येत नसेल, तर साडेआठ मीटर नवीन घ्या. ते फार महाग नसतं.