सागवान मुरलं तरी हलतंच

‘पन्नास वर्षांचं सागवान आहे, मुरलेलं. आता हे काय फुगते!’ वडसा-ब्रह्मपुरीकडचे मिस्त्री हे छातीठोकपणे सांगतात आणि जुन्या घराचं लाकूड विकत घेणारे मान डोलावतात. ही समजूत अर्धीच खरी आहे. मुरलेलं लाकूड सहसा नव्यानं पिळत नाही, तडकत नाही. पण हवेतल्या ओलाव्याबरोबर त्याचं फुगणं-आकसणं जन्मभर चालू राहतं.

विषय निघाला भाच्यामुळे. झाडीपट्टीच्या नाटकांत तो ऑर्गन वाजवतो आणि हल्ली मॉड्युलर सिंथेसायझरच्या नादी लागलाय. आवाज घडवणारी सुटी सुटी सर्किटं (मॉड्यूल), प्रत्येकाला स्वतःचं धातूचं पॅनेल, आणि ती सगळी एका पेटीत शेजारी शेजारी स्क्रूनं बसवलेली. १९९० च्या दशकाच्या मध्यावर जर्मनीतल्या डीटर डोपफर यांनी ए-१०० ही मालिका काढली. तिचीच मापं पुढे युरोरॅक म्हणून रूढ झाली. पॅनेलची उंची १२८.५ मिमी, रुंदी ५.०८ मिमीच्या (म्हणजे एक एचपी, ‘हॉरिझॉन्टल पिच’ या रुंदीच्या एककाच्या) पटीत, आणि वरच्या-खालच्या भोकांत १२२.५ मिमी अंतर. हे स्क्रू ज्यांत फिरतात त्या वरच्या-खालच्या दोन आडव्या अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्या म्हणजे रेल. भाच्यानं मिस्त्रीकडून जुन्या सागवानाची पेटी वैशाखात करून घेतली. श्रावणात नवं मॉड्यूल लावायला गेला तर, ‘मामा, खालचा स्क्रू बसूनच नाही राहिला ना!’

शाळेत रेल्वेरुळांमधली फट शिकलेला माणूस इथं आधी धातूवर संशय घेतो. पण एका अंशाला अ‍ॅल्युमिनियम आपल्या लांबीच्या दहा लाखांत २३ भाग वाढतं. ८४ एचपीची रेल सुमारे ४२७ मिमी लांब, म्हणजे तापमान ३० अंशांनी बदललं तरी फरक जेमतेम ०.३ मिमी. तोही आडवा, आणि त्या दिशेला बऱ्याच पॅनेलांची भोकं मुळातच लांबट असतात. धातू निर्दोष.

गुन्हेगार लाकूड, आणि त्याची रीत फार सुंदर आहे. लाकडाची पेशी म्हणजे लांबट नळी. तिच्या भिंतीत सेल्युलोजचे अतिसूक्ष्म तंतू असतात. या तंतूंच्या पृष्ठभागावरचे हायड्रॉक्सिल गट पाण्याचे रेणू ओढून धरतात, पाणी तंतूंच्या मध्ये शिरतं आणि त्यांना एकमेकांपासून दूर सारतं. भिंतीच्या सर्वांत जाड थरात हे तंतू खोडाच्या जवळजवळ समांतर असतात. त्यामुळे तणसाची पेंडी भिजली की जाड होते, लांब होत नाही, तसंच इथं घडतं: लाकडाच्या रेषा (खोडाच्या उंचीच्या दिशेनं जाणाऱ्या) यांच्या लांबीत बदल नगण्य, रेषांना आडवा मात्र भरपूर. त्यातही दोन प्रकार. वार्षिक वलयांच्या कडेकडेनं सागवान दर एक टक्का ओलाव्यामागे सुमारे ०.१८६ टक्के हलतं. गाभ्याकडून सालीकडे ०.१०१ टक्के, म्हणजे जवळपास निम्मं. लाकडातला ओलावा २८-३० टक्क्यांच्या वर गेला की पुढचं पाणी नळीच्या पोकळीत साचतं, त्यानं माप बदलत नाही. पण घरातलं लाकूड तिथवर पोचतच नाही, सगळा खेळ त्याच्या खालीच.

आता विदर्भ. मे महिन्याच्या दुपारी हवा इतकी कोरडी की लाकडातला ओलावा पाच टक्क्यांपर्यंत उतरू शकतो. पावसाची झड लांबली की चौदा-पंधरावर चढतो. फरक नऊ टक्के धरा. १२२.५ गुणिले ०.००१८६ गुणिले ९, उत्तर २ मिमी. आणि ३ मिमीचा स्क्रू ३.२ मिमीच्या भोकात. दोन्ही भोकं मिळून वर-खाली सूट फक्त ०.२ मिमी! पॉलिशनं हा बदल मंदावतो, थांबत नाही.

हे दोन मिलिमीटर रेलच्या वाट्याला आले ते बाजूच्या फळीमुळे. फळी सहा इंच रुंद, पेटी दहा इंच खोल. मिस्त्रीनं लाकूड वाचवायला फळीची लांबी खोलीकडे घेतली. रेषा पुढून मागे गेल्या आणि दोन रेलमधलं अंतर नेमकं रेषांना आडवं पडलं. रेषा उभ्या ठेवल्या असत्या तर हे अंतर बारा महिने जागचं हललं नसतं. वरच्या-खालच्या फळ्यांच्या रेषा डावीकडून उजवीकडे ठेवायच्या. मग चारही फळ्या फक्त खोलीच्या दिशेनं, सोबतच फुगतात आणि सांधे तुटत नाहीत. खोलीसाठी दोन फळ्या जोडाव्या लागल्या तरी चालेल. चांगलं प्लायवुडही चालतं, कारण त्याचे थर एकमेकांना आडवे चिकटवलेले असतात.

सागवानी पेटीनं सिंथचा आवाज ‘उबदार’ होतो, अशी जाहिरातबाजी ऐकू येते. सारंगीचं लाकूड गातं, हे मान्य. इथं मात्र तारेतून विजेचा दाब जातो; त्याला बाहेर सागवान आहे की पत्रा, काय कळणार?

पेटी झालीच असेल तर प्रत्येक टोकाला दोन्ही रेल एका धातूच्या उभ्या पट्टीनं जोडाव्यात. अंतर पट्टी राखेल. ती पट्टी फळीला एका गोल आणि एका उभ्या लांबट भोकातून अडकवायची, म्हणजे लाकूड तिच्यामागे मोकळं सरकेल. रेल घरीच अँगलची करणार असाल तर २.५ मिमीच्या ड्रिलनं भोक पाडून ३ मिमीचे आटे काढा, आणि प्रत्येक भोक पहिल्या भोकापासून मोजा. ५.०८ ऐवजी सोयीचं म्हणून ५ धरलंत, तर ८४ व्या भोकापर्यंत साडेसहा मिलिमीटरहून जास्त चुकलेले असाल.