पाण्याच्या वाटेवर हरळी

पुरंदरच्या उतारावरच्या शेतात वळवाच्या पहिल्याच सरीने बांधालगत बोटभर ओघळ पडतो. तो वेळीच अडवला नाही, तर त्याची गुडघाभर घळ होते. पाण्याचा वेग दुप्पट झाला की माती खरवडणारा जोर जवळपास चौपट होतो. उघडी पोयट्याची माती सेकंदाला अर्धा-पाऊण मीटर वेगापर्यंतच तग धरते. म्हणून पाणी वाहून नेणारा चर काढून त्यात हरळीचं गवत लावायचं. हरळी दाट पसरलेला चर मंद उतारावर दीड-दोन मीटर वेग सोसतो.

लोंढा आला की पाती आडवी होऊन तळावर चटई अंथरल्यासारखी पडतात. पाणी वरून धावतं, मातीला लागून मात्र मंद सरकतं. हरळीची एक कांडी उपटून पाहा: प्रत्येक पेऱ्याला मुळं, आणि मुळांना घट्ट चिकटलेली ढेकळं.

चर खोल नको, पसरट हवा, परातीसारखा. काठांचा उतार चार फुटांना एक फूट ठेवला तर बैलगाडी, ट्रॅक्टर सहज ओलांडतात. तळावर चार बोटं सुपीक माती, थोडं शेणखत. मग हरळीच्या कांड्या वीतभर अंतराच्या ओळींत, प्रवाहाला आडव्या लावून पायाने दाबायच्या. वरून गोणपाट अंथरून खुंट्या ठोकायच्या.

खरी चूक इथेच होते. जूनमध्ये लावलेली हरळी मूळ धरायच्या आत जुलैचा लोंढा तिला उचलून नेतो, आणि दोष गवताला दिला जातो! म्हणून पाण्याची सोय असेल तर उन्हाळ्यातच लावावी, नाहीतर पहिले दीड-दोन महिने बाजूला कच्चा चर काढून पाणी तिकडे वळवावं.

वेग मोजायला वाळकी काडी पुरते. दहा मीटरवर दोन खुणा करा. काडी आठ सेकंदांत पोचली, तर वरचा वेग सव्वा मीटर. सरासरी साधारण एक. उतार शंभराला पाचपेक्षा जास्त असेल तर मध्ये दगडी पायऱ्या हव्यातच.

हरळी शेतात घुसते ही तक्रार खरी आहे. तिथे मारवेल हा गवताचा प्रकार लावा. तो झुबक्यांनी वाढतो, त्यामुळे मधल्या फटी भरायला रोपं दाट लागतात. तणनाशकाचा पंप चराच्या काठावर बंद करा, ओल असेपर्यंत गुरं सोडू नका. साचलेला गाळ उन्हाळ्यात काढा, नाहीतर तळ उंचावून पाणी काठाबाहेरून नवी वाट खोदतं. आणि चर ओढ्याला मिळतो तिथे धोंडे रचा. घळ तिथूनच वर चढत येते.